रेडवूडचं जंगल आणि माथ्यावरून समुद्र, दोन्ही एकाच दिवसात कुठे? (बे एरिया)

घाटवाट

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा पुण्याहून सनीवेलला येत आहेत. दोघंही पासष्टीच्या पुढचे. पर्वती रोज चढतात, पण आईचा गुडघा उतारावर दुखतो. एक दिवस त्यांच्यासोबत आणि एक दिवस आम्हा दोघांनाच, १०-१२ किमीची दमदार चाल, असा बेत आहे. उंच रेडवूड बघायचे आहेत आणि माथ्यावरून समुद्र दिसायला हवा. जुलैत धुकं किती आडवं येतं? पार्किंग आधी बुक करावं लागतं का? आणि पॉयझन ओक या अंगावर पुरळ उठवणाऱ्या झुडपाला कितपत घाबरायचं?

डोंगरधार

रेडवूड आणि देखावा एका जागी मिळत नाहीत, हे आधी ध्यानात घ्या. म्हणजे वाट निवडणं सोपं जाईल. किनाऱ्यावरच्या रेडवूडला पाणी भरपूर लागतं आणि इथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच. झाड तगतं ते धुक्यावर. सुयांवर धुकं जमतं, थेंब होऊन मुळाशी गळतं. म्हणून ही झाडं ओढ्याकाठी, घळीत, सावलीच्या उतारावर वाढतात. माथ्यावर वारा, खारी हवा आणि उथळ माती, त्यामुळे तिथे नुसतं गवत, नाहीतर मॅन्झानिटाची खुरटी झुडपं. आणि झाड नसतं म्हणूनच तिथून लांबवर दिसतं. तेव्हा घळीतून धारेवर चढणारी वाट धरा, किंवा खालचं जंगल आणि वरचा माथा गाडीने जोडा.

आई-बाबांसाठी गाडीने जोडणंच बरं. सकाळी म्युअर वुड्स, मग माउंट टॅमलपायसचं ईस्ट पीक.

म्युअर वुड्सला २०१८ पासून पार्किंगचं आरक्षण सक्तीचं आहे. दारात जाऊन जागा मिळत नाही, आणि प्रवेशशुल्क त्याहून वेगळं. सकाळी आठच्या सुमाराची वेळ घ्या. तिथे मोबाइलला रेंज अजिबात नसते, त्यामुळे आरक्षणाची पावती घरूनच फोनमध्ये उतरवून ठेवा. लोक नेमके इथेच अडकतात: पावती मेलमध्ये असते आणि मेल उघडत नाही. आतली मुख्य वाट सपाट आहे, बरीचशी फळ्यांची. दुसऱ्या पुलावरून परत फिरलात तर अर्धा तास, तिसऱ्यावरून एक तास, चौथ्यावरून दीड तास. कथीड्रल ग्रोव्ह बघायचं तर तिसऱ्या पुलापर्यंत जा. तिसरा-चौथा पूल यांच्यामधला तुकडा गर्दी विरळ झाल्यावर विशेष छान वाटतो.

तिथून पॅनोरॅमिक हायवेने पॅनटोल (डोंगरावरचा पार्किंगचा नाका) आणि पुढे वर ईस्ट पीक, गाडीने अर्धा-पाऊण तास. रस्ता वळणांचा आहे. गाडी लागत असेल त्यांना पुढे बसवा. वर पार्किंगचे पैसे भरावे लागतात. माथ्याला वळसा घालणारी वर्ना डनशी ही वाट ०.७ मैलाची (१.१ किमी) आणि जवळपास सपाट आहे, ती आईंसाठी. खुद्द शिखर २,५७१ फुटांवर (७८४ मी.). तिथली प्लँक वॉक वाट पाव मैलाहून थोडी जास्त, सुरुवातीला फळ्या, नंतर सुटे दगड आणि खडक. चढताना त्रास नाही. उतरताना त्या सुट्या दगडांवर पाय सरकतो, म्हणून काठी हवीच. बाबांनी जरूर जावं. वणव्यावर नजर ठेवायला १९३० च्या दशकात बांधलेली दगडी चौकी वर अजून उभी आहे.

आता धुकं. उन्हाळ्यात समुद्रावरची गार हवा खाली आणि उबदार हवा तिच्या वर बसते. या गार थराची जाडी बहुतेक दिवशी १,००० ते २,००० फूट असते, म्हणजे ईस्ट पीक त्याच्या वर राहतं. त्यामुळे जुलैत तुम्हाला निळा समुद्र दिसण्यापेक्षा ढगांचा समुद्र दिसण्याची शक्यता जास्त, पावसाळ्यात कोकणकड्यावरून खाली दिसतो तसा. निळं पाणी, फॅरलॉन बेटं असं सगळं स्वच्छ हवं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर, किंवा हिवाळ्यात पाऊस पडून गेल्याचा दुसरा दिवस. निघण्याआधी वणव्यांसाठी लावलेले अलर्ट कॅलिफोर्नियाचे कॅमेरे नेटवर बघा. टॅमवरच्या कॅमेऱ्यात थर माथ्याच्या खाली आहे की माथाच गिळून बसलाय, ते घरबसल्या कळतं.

कपड्यांचं उलटं गणित आहे. डोंगरावर थंडी असेल म्हणून लोक स्वेटर वरसाठी राखून ठेवतात. जुलैत खाली जंगलात १२-१३ अंश आणि वर उन्हात २५ च्या पुढे असा प्रकार होतो. खाली उतरल्याबरोबर स्वेटर घाला, वर काढा, टोपी घाला.

ओढ्याकाठी

तुम्हा दोघांसाठी: पॅनटोल – मॅट डेव्हिस – स्टिन्सन बीच – डिप्सी – स्टीप रव्हीन – पॅनटोल (मॅट डेव्हिस, डिप्सी आणि स्टीप रव्हीन ही वाटांची नावं). साधारण ७ मैल (११ किमी), एकूण चढ १,६०० फुटांच्या आसपास, साडेचार तास धरा. जंगल, गवताळ उघडी धार आणि समुद्रकिनारा, तिन्ही एका फेरीत.

बरेच जण स्टीप रव्हीनने उतरतात आणि मॅट डेव्हिसने चढतात. माझं स्पष्ट मत उलट आहे. स्टीप रव्हीनमध्ये वेब क्रीकच्या काठाने रेडवूडमधून वाट जाते, पायऱ्या आणि पूल कायम ओलसर असतात, आणि मध्ये एका धबधब्याशेजारी दहाएक फुटांची लाकडी शिडी आहे. ओल्या शिडीवरून उतरण्यापेक्षा चढणं केव्हाही सुरक्षित. शिवाय चढ शेवटी येतो तो सावलीत. मॅट डेव्हिसने सकाळी उतरताना उघड्या उतारावरून समोर बोलिनासपर्यंतचा किनारा असतो. मात्र थर दाट असेल तर धुक्यातच उतराल, तयारी ठेवा.

पॅनटोल साधारण १,५०० फुटांवर आहे. म्हणजे आधी उतार, मग चढ, आपल्या गड चढण्याच्या सवयीच्या बरोबर उलट. दमलो की परत फिरू, हा हिशोब इथे चालत नाही. खाली स्टिन्सनला पोहोचेपर्यंत निम्मं पाणी शिल्लक पाहिजे. माणशी २ लिटर न्या. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळल्या-उकळल्याशिवाय पिऊ नका, जिआर्डिया हा पोट बिघडवणारा जंतू असतो. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवा. स्टिन्सनहून वर येताना डिप्सीवरून स्टीप रव्हीनला वळायचा फाटा नीट बघा. तो चुकला तर डिप्सी तुम्हाला थेट म्युअर वुड्सच्या दिशेने घेऊन जाते.

पॅनटोलचं पार्किंग छोटं आहे, शनिवार-रविवारी सकाळी नऊपर्यंत भरतं. हमरस्त्याच्या कडेला गाडी लावताना चाक पांढऱ्या रेषेच्या आत, रस्त्याच्या बाजूला राहिलं तर दंडाची चिठ्ठी ठरलेली.

सनीवेलहून एवढं लांब नको असेल तर पुरिसिमा क्रीक रेडवूड्स. हिगिन्स रोडकडच्या खालच्या पार्किंगपासून हार्किन्स रिजने चढा, व्हिटमोर गल्चने उतरा. हेही ७ मैलांच्या आसपास. हार्किन्स रिज उन्हात आणि खडी आहे, म्हणून सकाळी तीच आधी उरकायची. वरून हाफ मून बेचा किनारा दिसतो. पार्किंग फुकट, पण गाड्या मोजक्याच मावतात. वरच्या स्कायलाइनकडून सुरुवात करू नका, पंधराशे फुटांचा चढ दुपारी वाट्याला येतो.

उत्तरकिनारा

लाँग वीकेंड मिळाला तर दूर उत्तरेला रेडवूड नॅशनल पार्कमध्ये, ऑरिक गावापाशी बॉल्ड हिल्स रोडवर जा. खाली लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्हची दीड मैलाची सोपी फेरी आहे, आणि त्याच रस्त्याने वर गेलं की ३,००० फुटांवर उघडी कुरणं. रेडवूडच्या देशात एवढी मोकळी धार कशी, तर इथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या ठरवून गवत जाळत आले. ते थांबल्यावर डग्लस फर कुरणात शिरू लागलं, म्हणून आता उद्यानवाले पुन्हा जाळणं करतात. ल्युपिनची जांभळी फुलं मे-जूनमध्ये असतात, जुलैत ओसरलेली असतील. आणि हायपेरियन हे सर्वांत उंच झाड (सुमारे ११६ मी.) शोधायला जाऊ नका. तिथे वाट नाही, २०२२ पासून तो भाग बंद आहे, पकडलं तर ५,००० डॉलरपर्यंत दंड. माणसांच्या पायांनी झाडाखालची माती घट्ट झाली आणि नेचे नाहीसे झाले. या झाडाची मुळं फार खोल जात नाहीत, उथळच पसरतात. कुठल्याही रेडवूडच्या बुंध्याला फोटोसाठी बिलगायला वाट सोडू नका, ती याच कारणाने.

रानबिब्बा

पॉयझन ओकबद्दल. नावात ओक असला तरी तो ओक नव्हे. तो आपल्या बिब्ब्याच्या, काजूच्या आणि आंब्याच्या कुळातला. बिब्बा उततो तसाच हा उततो, कारण चिकातली द्रव्यंही त्याच जातीची. ज्यांना आंब्याचा चीक लागून ओठांना पुरळ येतो किंवा काजूच्या टरफलाचं तेल बाधतं, त्यांनी जास्त सांभाळावं. आई-बाबांना हे आधी विचारून ठेवा.

चीक लागला असं वाटलं तर पहिल्या दहा मिनिटांत धुतलं तर उत्तम, अर्ध्या तासानंतर फायदा बराच कमी होतो. गार किंवा कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि फडक्याने घासणं, असं दोन-तीनदा. नुसता साबण फिरवून भागत नाही. हे तेल आहे, गाडीच्या ग्रीससारखं घासून काढावं लागतं. गाडीत साबणाची छोटी बाटली, पाण्याचा कॅन आणि जुनं फडकं ठेवा. पुरळ बहुधा १२ ते ४८ तासांनी उठतो. फोडातल्या पाण्याने तो पसरत नाही. पसरतो असं वाटतं ते बुटाच्या नाडीवर, काठीच्या मुठीवर राहिलेलं तेल पुन्हा लागल्याने. डोळ्यांपाशी आलं किंवा अंगभर उठलं तर डॉक्टरांकडे जा.

घाटवाट

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, बेत जवळजवळ ठरला. पण पॉयझन ओकसारखी तीन-तीन पानं तर ब्लॅकबेरीलाही असतात, फरक कसा ओळखायचा?

रानबिब्बा

देठ बघा. ब्लॅकबेरीच्या देठावर काटे असतात आणि पानाची कड करवतीसारखी. पॉयझन ओकला काटा कधीच नसतो. त्याच्या तीन पानांपैकी मधल्याला स्वतःचा लांबसर देठ, बाजूची दोन जवळजवळ चिकटून बसलेली, कडा गोलसर नागमोडी. वसंतात कोवळं पान तेल लावल्यासारखं चकाकतं. जुलैत काही पानं हिरवी, काही लालसर होऊ लागलेली दिसतील. हिवाळ्यात पानं झडून नुसत्या करड्या काड्या उरतात, चीक मात्र त्यातही असतो. मॅट डेव्हिसच्या गवताळ टप्प्यात वाटेच्या दोन्ही कडांना तो भरपूर आहे, म्हणून लांब पॅंट घाला आणि एकामागे एक चाला. त्या गवतात गोचिडीही असतात. पॅंट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला आणि केसांत बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका, तेल-रॉकेल लावत बसू नका.

डोंगरधार

एक राहिलं. ईस्ट पीकच्या रस्त्याचं फाटक सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतं, तेव्हा मावळतीचा शेवटचा किरण बघत बसू नका. आणि जोराचा वारा, कोरडी हवा यांमुळे रेड फ्लॅग (वणव्याच्या धोक्याचा) इशारा असेल तर जंगलवाटा आणि रस्ते अचानक बंद करतात, आदल्या रात्री उद्यानाचं पान बघून घ्या.