सात रंगांचं पांघरूण, मत द्या

वहिनी: चिऊच्या पांघरुणाला आज सुरुवात करतेय. क्रोशाचं, ९० बाय १२० सेंटिमीटर. घरात सात रंगांची लोकर पडून आहे: गडद निळा, जांभळा, मोरपंखी, गवती हिरवा, गुलाबी, नारिंगी, पिवळा. चिऊला सातही हवेत, एकही सोडायला तयार नाही. टाका कुठला घेऊ? रंग कसे लावू?

काकू: सातही?? डोळे दुखतील गं.

ताई: सरळ पट्टे कर वहिनी, खांबाच्या म्हणजे उंच टाक्यांच्या ओळी. डोकं लावायला नको.

काकू: खांबाच्या ओळी म्हणे डोकं लावायला नको! माझं मागचं आठवतंय का? १२६ टाक्यांवर सुरू केलं, वीतभर झाल्यावर मोजले तर ११३. पांघरूण वर निमुळतं होत चाललं होतं आणि मी म्हणतेय लोकर आक्रसली.

आत्या: लोकर कशाला आक्रसेल. ओळीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या, म्हणजे एकातून एक ओढलेले साधे फासे, हाच पहिला खांब. परत येताना शेवटचा खांब त्या तीन साखळ्यांच्या डोक्यात घालायचा असतो, तोच तू विसरत होतीस. दर ओळीला एक टाका गेला.

काकू: हो, पण हे सांगितलंत कधी? सगळं उसवल्यावर 😄

वहिनी: आत्या, तुम्हीच सांगा. मॉस स्टिच मनात आहे. एक मुका खांब म्हणजे बुटका टाका, एक साखळी, एक टाका सोडायचा. दिसतं छान.

आत्या: दिसतं छान, पण तुझ्या रंगांना नाही चालणार. त्यात वरच्या ओळीचा मुका खांब खालच्या ओळीच्या साखळीत जातो, त्यामुळे दोन रंगांची सीमा दातेरी होते आणि रंग एकमेकांत मिसळतात. एकाच रंगाच्या छटा असतील तर फार गोड दिसतं. नारिंगीवर मोरपंखी घातलास तर लांबून राखाडी चिखल दिसेल. आधी टाका ठरवायचा, मग रंग. सगळे उलटं करतात.

वहिनी: मग नुसते मुके खांब?

आत्या: घट्ट होईल आणि लोकर खाईल. पुठ्ठ्यासारखं पांघरूण कोण घेणार? पिशवीला ठीक आहे. ग्रॅनी स्क्वेअर कर, मधून सुरू होऊन फेरीफेरीने वाढणारा चौकोन. तीन खांबांचा गट, मध्ये एक साखळी, कोपऱ्यात दोन गट आणि मध्ये दोन साखळ्या. उरलेल्या लोकरीसाठीच तो चौकोन जन्माला आलाय असं माझं मत.

ताई: आत्या, मी जो व्हिडिओ बघतेय त्यात ‘डबल’ म्हणतात. ते म्हणजे आपला खांब ना? मी तसे केले तर चौकोन वाटीसारखा झालाय.

आत्या: व्हिडिओ अमेरिकन की ब्रिटिश ते बघ. अमेरिकन डबल म्हणजे आपला खांब, आधी सुईवर एक वेढा घेऊन करतो तो. ब्रिटिश डबल म्हणजे मुका खांब, वेढा न घेता. आपल्या खांबाला ते ट्रेबल म्हणतात. वाटी मात्र त्यामुळे नाही झाली, कोपऱ्यातल्या साखळ्या राहिल्या असतील.

ताई: राहिल्यात 🙈

दादा: मला विणकामातलं ओ की ठो कळत नाही, पण एक करा. सातही गुंडे खिडकीपाशी दिवसा उजेडात मांडा, फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. फोटोग्राफीत आम्ही तेच बघतो. ज्या दोन रंगांचा करडा सारखा येतो ते शेजारी ठेवले तर नक्षी दिसतच नाही.

वहिनी: केलं!! अरे, मोरपंखी, नारिंगी आणि गवती हिरवा, तिन्ही एकच झाले. निळा-जांभळा जवळजवळ काळे. पिवळा सगळ्यात फिका. आणि मी निळ्याभोवती जांभळा लावणार होते.

काकू: बघा, बसल्या बसल्या गुरू झाले दादासाहेब.

आत्या: चांगली युक्ती आहे. म्हणजे निळ्याभोवती पिवळा, जांभळ्याभोवती नारिंगी, असं गडद-फिकं जोडत जा. आणि सगळ्या चौकोनांची शेवटची फेरी एकाच रंगाची ठेव, मी म्हणेन सायीचा पांढरा. भांडखोर रंगांना तो वेगळं बसवतो. जोडकाम आणि काठही त्याच लोकरीचा.

वहिनी: सायीची लोकर घरात नाही, आणावी लागेल. किती?

मामा: आकडेमोड माझ्याकडे. चौकोन केवढा, फेऱ्या किती?

वहिनी: १५ सेंटिमीटर, सहा फेऱ्या, ४ मिलिमीटरची सुई. एक करून काट्यावर ठेवला, १२ ग्रॅम भरला.

मामा: सहा गुणिले आठ, ४८ चौकोन. पहिल्या फेरीत ४ गट, मग ८, १२, १६, २०, २४. एकूण ८४, त्यातले शेवटच्या फेरीचे २४. म्हणजे १२ ग्रॅमपैकी साधारण साडेतीन ग्रॅम सायीचे, ४८ चौकोनांना १६५ ग्रॅमच्या आसपास. जोड आणि काठ धरून २५० आण. बाकी सहा रंग... नाही, सात रंग मिळून ४१० लागतील.

आत्या: २५० नाही, ३०० आण, आणि एकदमच आण. कागदी पट्टीवर लॉट नंबर असतो, म्हणजे एकदम रंगवलेल्या लोकरीचा नंबर, तो सगळ्या गुंड्यांवर सारखा हवा. नंतर आणलेली साय दुधासारखी निघते. पांघरूण धुतल्यावरही ती रेघ जात नाही.

वहिनी: बरं. चिऊ म्हणतेय प्रत्येक फेरी वेगळ्या रंगाची करू.

मामा: एका रंगाची दोन टोकं. सहा फेऱ्या सहा रंग म्हणजे चौकोनाला १२, एकूण ५७६ टोकं लपवायची.

वहिनी: 😳 नको!

आत्या: दोन फेऱ्या एक रंग, तीन फेऱ्या दुसरा, शेवटची साय. सहा टोकं. टोक १५ सेंटिमीटर ठेव आणि पुढच्या फेरीच्या खांबांखाली दाबत जा, नंतर सुईने ओवायला उरतं थोडंच. ते दिशा बदलून ओव, नाहीतर धुण्यात बाहेर येतात.

ताई: तरी २८८ झालीच.

काकू: वहिनी, निळी सुती नाही ना? माझा एकदा लाल सुतीने पांढरा काठ गुलाबी केला.

वहिनी: सगळी ॲक्रिलिक आहे.

आत्या: मग इस्त्री दूर ठेव. गरम इस्त्री लागली की ॲक्रिलिक लुळं पडतं, पुन्हा उभारी धरत नाही. चौकोन सरळ करायचे तर ओले करून टाचण्यांनी ताणून वाळव.

ताई: मीही असंच एक करतेय, बाळासाठी. ग्रॅनी चालेल ना?

आत्या: बाळाला नको गं. भोकांत बोटं अडकतात. बारीक विणीचं कर, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागेत सैल पांघरूण ठेवूच नये, डॉक्टरही तेच सांगतात. जागं असताना अंगावर घालायला कर.

वहिनी: पहिला चौकोन पूर्ण. मधोमध निळा, मग पिवळा, शेवटच्या फेरीची जागा रिकामी. फोटो टाकतेय. चिऊने लगेच ब्लॅक अँड व्हाइट करून बघितला.

काकू: पास?

वहिनी: पास. पण तिला आता गुलाबीभोवती नारिंगी हवाय.

दादा: त्याचाही फोटो काढा.