केदारकंठ्याला जानेवारीत जातोय, बर्फातल्या हवामानाचं कोणी नीट समजावून सांगेल का?

संत्रानगरी:
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही घरचेच पाच जण केदारकंठ्याला (उत्तराखंडातलं बर्फाचं शिखर) जाऊन राहिलो आहोत. मी, भाऊ, वहिनी, मावसभाऊ आणि मामाजी. मामाजींचं वय ५६, बीपीची रोजची गोळी, पण सकाळी अंबाझरीला आमच्यापेक्षा जोरात चालतात. चिखलदरा, पचमढीचं धूपगड, रामटेकच्या पायऱ्या, एवढाच आमचा डोंगर. बर्फ फ्रीजरमधलाच पाहिलेला.

तिकिटं झाली, आयोजकाला पैसे गेले. त्यांनी पाठवलेल्या यादीत मोजे किती, थर्मल किती हे सगळं आहे. हवा बिघडली तर काय, याबद्दल एकच ओळ: मार्गदर्शकाचा निर्णय अंतिम. मावसभाऊ म्हणतो, २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ वर आला होता, तेव्हाही आपण गाडीवर फिरलोच ना! पायथ्याच्या सांकरी गावाला अ‍ॅप उणे २ दाखवून राहिलं, त्यात काय एवढं? मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते त्याला समजावता येत नाही.

तर अ‍ॅपचा आकडा कितपत धरायचा? हवा बिघडणार हे आधी कसं कळतं? थंडीचा आणि उंचीचा त्रास ओळखायचा कसा, विशेषतः मामाजींचा? आणि माघारी फिरायचं कधी? ‘मजा करा, काही होत नाही’ असे प्रतिसाद कृपया नको, ते घरी भरपूर मिळतात.

भटक्या_वऱ्हाडी:
ताई, मावसभावाला आधी हा हिशेब दाखवा. अ‍ॅप दाखवतं ते सांकरी गावाचं तापमान, म्हणजे साधारण १,९५० मीटरवरचं. शिखर आहे ३,८१० मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात असं धरलं, तर वर बारा अंश कमी. म्हणजे गावात उणे २, तर माथ्यावर उणे १४. पहाटे दरीत गार हवा साचते तेव्हा हा फरक कमी भरतो, पण तयारी या हिशेबानेच करायची. शिवाय शिखराची चाल पहाटे अंधारातच सुरू होते.

आता वारा. उणे १० तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. वरच्या धारेवर झाड नाही, आडोसा नाही, तेवढा वारा तिथे नेहमीचाच. म्हणून तापमानाआधी वाऱ्याचा अंदाज बघायचा, आणि तो गावाचा नाही, उंचीप्रमाणे अंदाज देणाऱ्या डोंगरी हवामानाच्या संकेतस्थळावर शिखराचा बघायचा.

हवा बिघडते ती बहुतेक पश्चिमी झंझावाताने. भूमध्य समुद्राकडून निघालेली ही प्रणाली इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिमालयावर येऊन बर्फ टाकते. हिवाळ्यात महिन्याला अशा चार-सहा येतात. चांगली बाब अशी की चार-पाच दिवस आधी त्यांची चाहूल लागते. हवामान खात्याच्या देहरादून केंद्राचं उत्तरकाशी जिल्ह्याचं पत्रक तुम्ही घरून निघण्याच्या आधीपासून रोज वाचा. ऑरेंज इशारा असला तर त्या दिवशी वरच्या कॅम्पला चढायचंच नाही. (आपल्याकडे जी थंडीची लाट येते ती पुष्कळदा हाच झंझावात पुढे सरकल्यावर उत्तरेची कोरडी हवा खाली उतरते म्हणून. तेव्हा नागपुरात हुडहुडी भरली म्हणजे वर आकाश उघडलं असण्याचीच शक्यता जास्त.)

वर नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून डोळे उघडे ठेवा. आधी उंचावर पिसांसारखे विरळ ढग येतात, चंद्राला किंवा सूर्याला खळं पडतं, मग ढग जाड होत खाली उतरतात. उंची दाखवणारं घड्याळ असेल तर तंबूत बसल्याबसल्या उंची वाढताना दिसली की समजायचं हवेचा दाब पडतोय. ही लक्षणं दिसल्यावर हाताशी अर्धा-एक दिवस असतो. तो खाली उतरण्यासाठी वापरायचा, फोटोसाठी नाही.

धंतोलीची_डॉक्टर:
मामाजींबद्दल. ५६ वय आणि नियंत्रणात असलेला बीपी, एवढ्यावरून मी कोणाला थांबवणार नाही. पण थंडीत बीपी चढतो, उंचीवरही चढतो. तेव्हा त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना उंची आणि महिना दोन्ही सांगून तपासून घ्या. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हेही त्यांनाच विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का, बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, हे बघितल्याशिवाय ती गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

या ट्रेकचा वेग मला थोडा खटकतो. नेहमीच्या आखणीत पहिली रात्र सांकरीला, दुसरी जुडा का तालावला सुमारे २,८०० वर, तिसरी थेट ३,४०० च्या आसपास. ३,००० च्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरहून जास्त उंच नेऊ नये असा सर्वसाधारण नियम आहे. नागपूर ३१० मीटरवर, म्हणजे तुम्ही अगदी तळातून निघताय. मध्ये एक जादा रात्र मिळाली तर बघा.

डोकेदुखी आणि सोबत मळमळ, भूक मरणं, ग्लानी यांपैकी काहीही असेल तर तो उंचीचाच त्रास धरायचा. ‘गॅस झाला’ म्हणून सोडून द्यायचा नाही. त्या रात्री आणखी वर चढायचं नाही. सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा चवडा लावून चालता येत नसेल, बोलणं असंबद्ध असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असो की पहाट, लगेच खाली. गोळ्या, ऑक्सिजन हे उतरताना, उतरण्याऐवजी नाही.

थंडीचं वेगळं आहे. कुडकुडणं हे शरीर झगडतंय याचं लक्षण. कुडकुडणारा माणूस गप्प झाला, अडखळू लागला, जॅकेटची चेन लावता येईना, की शरीराचं तापमान ३५ च्या खाली गेलं समजा. ओले कपडे काढा, कोरडे घाला, खाली मॅट टाका, स्लीपिंग बॅगेत घाला, शुद्धीवर असेल तर गरम गोड काहीतरी पाजा. ब्रँडीचा घोट अजिबात नाही. दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या पसरतात, ऊब वाटते आणि उष्णता बाहेर जाते. बोटं, नाक, कान पांढरे आणि बधिर झाले तर चोळू नका, शेकोटीवरही धरू नका, बधिर कातडी भाजलेली कळत नाही. आणि तंबूत किंवा बंद खोलीत निखाऱ्यांची सिगडी घेऊन कोणीही झोपणार नाही, हे मामाजींकडून वदवून घ्या. अशा बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेतच जातात.

सेमिनरीहिल्सचा_बापू:
जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. घाम आला की सुती कपडा ओला राहतो आणि थांबलं की गोठवतो. बुटाखाली लावायचे दातेरी मायक्रोस्पाइक सांकरीत भाड्याने मिळतात. केदारकंठ्यावर माणसं पडतात ती हिमस्खलनात नाही, तुडवून काच झालेल्या वाटेवर उतरताना, आणि मनगट मोडून घेतात. पाण्याची बाटली उलटी ठेवा, गोठणं वरून सुरू होतं. फोन आणि टॉर्चच्या बॅटऱ्या झोपताना पिशवीत सोबत.

संत्रानगरी:
सगळ्यांचे आभार, हिशेब मावसभावाला पाठवला, तो जरा गप्प झाला आहे. आज आयोजकाशी बोलले. तो म्हणतो, ‘ताई, समिट शंभर टक्के करवून देऊ, टेन्शन नका घेऊ.’ हिमस्खलनाचं विचारलं तर म्हणाला, तिथे होतच नाही. हे खरं आहे का?

भटक्या_वऱ्हाडी:
अर्धं खरं. नेहमीची वाट बरीचशी जंगलातून आणि धारेवरून जाते, म्हणून धोका तुलनेने कमी. पण ३० ते ४५ अंशांचा उघडा उतार आणि ताजा बर्फ एकत्र आले की ‘होतच नाही’ म्हणणं चूक. मोठ्या हिमवर्षावानंतरचे पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट. धारेच्या कडेला वाऱ्याने बर्फाचं छज्जं बाहेर काढलेलं असतं, फोटोसाठी तिथे पाऊल टाकू नका, खाली जमीन नसते.

‘शंभर टक्के समिट’ ऐकून मी तरी पैसे परत मागितले असते. त्याला लेखी विचारा: शिखराच्या दिवशी किती वाजता परत फिरायचं, माणूस कुठेही पोहोचलेला असो? एखाद्याला खाली न्यायची वेळ आली तर सोबत जाणारा दुसरा मार्गदर्शक आहे का? राखीव दिवस आहे का? जून २०२४ मध्ये याच उत्तरकाशीत सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातले ९ ट्रेकर हिमवादळात गेले. तो तर उन्हाळा होता, आणि सोबत स्थानिक मार्गदर्शकही होते.

संत्रानगरी:
लेखी पाठवलं. राखीव दिवसाला ‘हो’ आलं, त्याचे पैसे वेगळे. परत फिरायची वेळ अजून सांगितली नाही. ती आली नाही तर आम्ही जुडा का तालावपर्यंतच जाऊ असं घरी ठरलं, मामाजी धरून. मावसभाऊ कुरकुरतो आहे. मामाजींची डॉक्टरांकडे मंगळवारची वेळ घेतली.

एक राहिलंच. वहिनीला जाड नंबरचा चष्मा आहे. बर्फात गॉगल लागतोच का, आणि चष्म्यावर कसा घालायचा?

धंतोलीची_डॉक्टर:
लागतोच, ढगाळ दिवशीही. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परतवतो. डोळे भाजतात ते तेव्हा कळत नाही, काही तासांनी, बहुतेक रात्री, आग आणि पाणी सुरू होतं. चष्म्यावर बसणारे मोठ्या फ्रेमचे स्की-गॉगल मिळतात. यूव्ही ४०० लिहिलेलं, बाजूने बंद असलेलं घ्या. चष्मा घालूनच दुकानात बघायचं, दांड्या कानशिलावर दाबल्या जाऊ नयेत. तोंडावरचा मफलर नाकाच्या खाली ठेवा, नाहीतर श्वासाने काच धुरकट होते. आणि जुना चष्मा सोबत घ्या, वर तुटला तर वहिनीला हाताला धरून उतरवावं लागेल.