लिब्रेकॅडवरून ऑटोकॅडवर: स्नॅप आणि अलाइन जुळेना, मदत हवी आहे

रेघोटी:

लिब्रेकॅड या नकाशे काढायच्या प्रोग्राममध्ये प्लॅन काढायची सवय आहे, आता पुढचं काम ऑटोकॅड या तशाच दुसऱ्या प्रोग्राममध्ये द्यायचं आहे. रेघ, ट्रिम, ऑफसेट यांत अडचण नाही. अडतंय ते बिंदू नेमका पकडण्यात (स्नॅप) आणि वस्तू एका रेषेत आणण्यात (अलाइन). विंडोज आवृत्ती आहे, एकक मिलिमीटर, सगळं काम द्विमितीय.

१. एफ८ दाबून ऑर्थो, म्हणजे रेघ आडवी-उभीच ठेवणारं बंधन, चालू आहे, तरी रेघ तिरकी जाते. लिब्रेकॅडमध्ये काटकोनी बंधन लावून लांबच्या टोकावर स्नॅप केलं, की रेघ सरळच राहून त्या टोकाच्या समोर थांबायची. इथे ती थेट त्या टोकालाच जाऊन चिकटते.

२. दुसऱ्या बिंदूसाठी १००,५० टाकलं की रेघ भलतीकडेच जाते. पहिला बिंदू मात्र बरोबर पडतो.

३. लिब्रेकॅडमध्ये सापेक्ष शून्याची (जिथून पुढची अंतरं मोजली जातात त्या बिंदूची) लाल खूण हवी तिथे ठेवून तिथून अंतर घेता यायचं. इथे त्याला पर्याय काय?

४. खोलीच्या रेघा पडद्यावर जुळलेल्या दिसतात, हॅच (बंद जागा नक्षीने भरणारी आज्ञा) मात्र सीमा बंद नाही म्हणून नाकारतो.

५. १७.४ अंशांत असलेल्या तिरक्या भिंतीवर दाराचा ब्लॉक (एकत्र बांधलेलं तयार चित्र) अचूक बसवायचा आहे. अलाइन वापरलं तर दाराची रुंदीच बदलली.

ऑब्जेक्ट स्नॅपच्या यादीतल्या सगळ्या खुणा सध्या चालू आहेत.

ओळंबा:

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करा, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. 'सिलेक्ट ऑल' करून ठेवलेला ऑब्जेक्ट स्नॅप कामाचा नसतो. यादीतला 'निअरेस्ट' तर कायमचा चालू ठेवूच नका. तो रेघेवरचा कर्सरजवळचा कुठलाही बिंदू देतो. टोकापासून जराशा अंतरावर क्लिक झालं, तर टोक सोडून तो बिंदू पकडला जातो आणि पडद्यावर ते दिसतही नाही. तुमच्या चौथ्या प्रश्नाचं मूळ बहुधा हेच.

ओएसनॅप ही आज्ञा देऊन यादी उघडा आणि फक्त एंडपॉइंट, मिडपॉइंट, सेंटर, इंटरसेक्शन आणि एक्स्टेन्शन ठेवा. हेच एका झटक्यात करायचं तर ओएसमोड या चलाला (सेटिंगचा आकडा साठवणाऱ्या नावाला) ४१३५ किंमत द्या. प्रत्येक स्नॅपला एक आकडा आहे आणि बेरीज करून किंमत बनते: एंडपॉइंट १, मिडपॉइंट २, सेंटर ४, नोड ८, क्वाड्रंट १६, इंटरसेक्शन ३२, लंब १२८, स्पर्शिका २५६, निअरेस्ट ५१२, एक्स्टेन्शन ४०९६. एफ३ने स्नॅप बंद केला की याच बेरजेत १६३८४ मिळवले जातात. एवढा मोठा आकडा दिसला तर बिचकू नका.

बाकीचे स्नॅप लागतील तेव्हा एका क्लिकपुरते बोलवायचे. आज्ञा चालू असताना शिफ्ट धरून उजवं क्लिक करा, किंवा पीईआर (लंब), टीएएन (स्पर्शिका), एनईए (निअरेस्ट) अशी तीन अक्षरं टाकून एंटर मारा. तो बिंदू घेतला की यादी आपोआप पूर्ववत होते.

आता पहिला प्रश्न. दोन्ही प्रोग्रामची रचनाच इथे वेगळी आहे. लिब्रेकॅड आधी स्नॅपचा बिंदू शोधतो आणि मग त्यावर काटकोनी बंधन लावतो, म्हणून तो बिंदू आडव्या किंवा उभ्या रेषेवर उतरवला जायचा. ऑटोकॅडमध्ये ऑब्जेक्ट स्नॅप ऑर्थोच्या वरचढ आहे. स्नॅपची खूण उमटली असताना क्लिक केलं, की ऑर्थो बाजूला राहतो. बिघाड नाही, ठरवून केलेलं आहे.

'त्या टोकाच्या समोर थांब' हे इथे एफ११ने होतं, म्हणजे ऑब्जेक्ट स्नॅप ट्रॅकिंगने. एफ३ही चालू हवा, नाहीतर ट्रॅकिंगला पकडायला बिंदूच मिळत नाही. रेघेचा पहिला बिंदू द्या. कर्सर त्या लांबच्या टोकावर न्या, क्लिक करू नका, क्षणभर थांबा. तिथे बारीक अधिकची खूण येईल. आता कर्सर आपल्या रेघेच्या दिशेला आणा. टोकातून निघालेली तुटक रेषा आणि तुमची आडवी दिशा जिथे छेदतात तिथे क्लिक करा. नको असलेला बिंदू पकडला गेला, तर त्याच्यावर पुन्हा कर्सर नेला की तो सुटतो. एका वेळी असे सातपर्यंत बिंदू धरता येतात, पण दोनच्या वर गेलात की तुटक रेषांचं जाळं होतं.

ट्रॅकिंग जमत नसेल अशा गर्दीच्या जागी जुना उपाय पक्का आहे: बिंदू विचारला की .एक्स टाका, लांबचं टोक दाखवा, मग वाय-झेड मागितल्यावर रेघेचा पहिला बिंदू दाखवा. एक्स एकाकडून, वाय दुसऱ्याकडून.

काटकोन:

ऑर्थोपेक्षा एफ१०चं पोलर ट्रॅकिंग वापरा असं सुचवेन. दोन्ही एकत्र चालत नाहीत, एक चालू केलं की दुसरं बंद होतं. पोलरमध्ये ठरावीक कोनांजवळ तुटक रेषा येते, एरवी हात मोकळा राहतो. ड्राफ्टिंग सेटिंग्जच्या पोलर पानावर जादा कोन म्हणून १७.४ आणि १०७.४ घाला. तिथेच 'ट्रॅक युझिंग ऑल पोलर अँगल सेटिंग्ज' निवडलंत, तर एफ११च्या रेषाही त्या कोनांत निघतात. हा पर्याय निवडला नाही तर त्या फक्त आडव्या-उभ्याच येतात.

दुसरा प्रश्न: एफ१२, डायनॅमिक इनपुट. ते चालू असताना दुसऱ्या बिंदूपासून पुढचे आकडे सापेक्ष धरले जातात, म्हणजे @ न लिहिताही @ असल्यासारखे. लिब्रेकॅडच्या कमांड लाइनवर १००,५० म्हणजे मूळ शून्यापासून, आणि सापेक्ष हवं तर @. दोन मार्ग आहेत. निरपेक्ष आकड्यापुढे # लावा, म्हणजे #१००,५०. किंवा डिनपीआयकोऑर्ड्स हे चल १ करा, मग जुनी सवय तशीच चालेल. कुणी एफ१२ कायमचा बंद करा म्हणेल, पण लांबी आणि कोन कर्सरशेजारी दिसणं सोडवत नाही.

टाकलेले आकडे फक्त झूम आउट असताना चुकत असतील, तर कारण वेगळं. ओएसनॅपकोऑर्ड बघा. ते ० असेल तर टाइप केलेला बिंदूसुद्धा जवळच्या वस्तूला स्नॅप होतो. मूळ किंमत २ असते: हाताने टाकलेले आकडे स्नॅपला जुमानत नाहीत, स्क्रिप्टमधून आलेले मात्र स्नॅप होतात. म्हणून लिस्पच्या (ऑटोकॅडमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) किंवा स्क्रिप्टच्या आधी ओएसमोड ० करायचा आणि नंतर मूळ किंमत परत ठेवायची. काही तयार रूटीन मध्येच थांबली तर ती किंमत परत ठेवत नाहीत, आणि 'स्नॅप अचानक गेला' अशी तक्रार येते.

कर्सर ठरावीक अंतराने उड्या मारत असेल तर तो एफ९ आहे, ग्रिडचा स्नॅप. लिब्रेकॅडमध्ये ग्रिडचा स्नॅप बाकीच्या स्नॅपच्या रांगेतच असतो. इथे एफ३ आणि एफ९ यांचा एकमेकांशी संबंध नाही.

तिसरा: फ्रॉम. बिंदू विचारला की फ्रॉम टाका, आधाराचा बिंदू स्नॅपने घ्या, मग @३००,० टाका. इथे @ हवंच, निरपेक्ष आकडा दिला की फ्रॉम रद्द होतं. दोन बिंदूंच्या मधोमध हवं असेल तर एम२पी. खोलीच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर ते दिलं की कर्ण न काढता मध्य मिळतो.

टाक:

निअरेस्ट बंद करा हे मान्य, पण एवढीच यादी ठेवणं सर्वांना सोयीचं नाही. गोल खांब, पाइप असतील तर क्वाड्रंटही लागतो. चुकीचा स्नॅप दिसला तर टॅब दाबा, कर्सरखालच्या वस्तूचे स्नॅप एकामागून एक फिरतात.

ओळंबा:

टॅब फिरवणं सुट्या वस्तूवर ठीक. पाच रेघा एकत्र येतात तिथे हव्या त्या स्नॅपपर्यंत पोहोचायला तो किती वेळा दाबायचा? क्वाड्रंट लागेल तेव्हा क्यूयूए टाकणं लवकर होतं. आणि गोलाच्या चारही बाजूंना क्वाड्रंट चालू राहिला की स्पर्शिका काढताना हमखास तोच आडवा येतो.

टाक:

बरं, चौथ्याकडे येतो, कारण आधीच्या रेघांचा प्रश्न उरतोच.

आधी फट शोधा. लूप्रेक ८ करा, म्हणजे दशांशाचे आठ अंक दिसतील. चार अंकांत ०.०००० दिसलं म्हणजे फट नाही असं होत नाही. हॅच देऊन खोलीच्या आत क्लिक करा, खोली पूर्ण पडद्यावर दिसेल एवढाच झूम ठेवा. सीमा उघडी असेल तर सुट्या टोकांशी लाल वर्तुळं येतात. ती रीजेनने जातात. वर्तुळापाशी झूम करून दोन्ही टोकांवर आयडी (बिंदूचे एक्स, वाय, झेड दाखवणारी आज्ञा) चालवा आणि आकडे ताडून पहा.

मग दुरुस्ती. एकदोन कोपरे असतील तर फिलेट घ्या आणि शिफ्ट धरून दुसरी रेघ निवडा, त्रिज्या काहीही असली तरी टोकदार कोपरा जुळतो. बरेच असतील तर पीएडिट, एम (अनेक), सगळ्या रेघा निवडा, पॉलिलाइन (जोडलेली सलग रेघ) करण्याला हो म्हणा, मग जे (जोडा). तो फझ अंतर, म्हणजे किती फटीपर्यंत जोडायचं ते, विचारेल. तिथे सापडलेल्या फटीपेक्षा किंचित मोठा आकडा द्या. फट ०.३ असेल तर ०.५. ५० दिलंत तर भिंतीचे दोन्ही पदर किंवा खिडकीच्या चौकटीची टोकंही जोडली जातील. जॉइन टाइपमध्ये 'एक्स्टेंड' रेघा वाढवून किंवा कापून जुळवतो, 'अ‍ॅड' मध्ये छोटा तुकडा घालतो. भिंतींसाठी एक्स्टेंड. त्याआधी ओव्हरकिल चालवून एकावर एक पडलेल्या रेघा काढा, नाहीतर जोडणी भलत्या रेघेवरून जाते.

एचपीगॅपटॉल, म्हणजे हॅचने किती फट चालवून घ्यायची ते चल, वाढवूनही हॅच भरतो. पण ती फट तशीच राहते आणि पुढे मोजमापात डोकं वर काढते. घाईत शीट द्यायची असेल तरच.

रेघोटी:

यादी कमी केल्यावर बराच फरक पडला. एका कोपऱ्यात मात्र आयडीचे एक्स आणि वाय आठही अंकांत तंतोतंत आहेत, तरी हॅच नाही. शेजारी दोन रेघा छेदतात तिथे इंटरसेक्शनचा स्नॅपही येत नाही. ही रेघ सर्व्हेच्या फाइलमधून आणलेली आहे.

टाक:

आयडीचा तिसरा आकडा, झेड, बघा. सर्व्हेच्या रेघांना उंची असते. वरून बघताना रेघा छेदतात, प्रत्यक्षात एक दुसरीच्या वर आहे. म्हणून इंटरसेक्शन येत नाही, अपॅरंट इंटरसेक्शन येतो. अंतर मोजणाऱ्या डिस्टने डेल्टा झेड (उंचीतला फरक) शून्य नाही असं दिसेल.

नव्या रेघांसाठी ओएसनॅपझेड १ करा, मग स्नॅप केलेल्या बिंदूचा झेड चालू पातळीचा धरला जातो. जुन्या रेघा त्याने सुधारत नाहीत. त्या निवडून प्रॉपर्टीजमध्ये रेघांना स्टार्ट झेड आणि एंड झेड, पॉलिलाइनला एलिव्हेशन, ब्लॉकला पोझिशन झेड शून्य करा. फ्लॅटन ही आज्ञा एकदम सगळं सपाट करते, पण ब्लॉक आणि वक्र बदलू शकतात. प्रत ठेवूनच चालवा. ज्या फाइलमध्ये उंच्या खऱ्या लागणार आहेत तिला मात्र हात लावू नका, सपाट प्रत वेगळी करून संदर्भ म्हणून जोडा.

काटकोन:

पाचवा राहिला. अलाइन द्या, ब्लॉक निवडा. पहिला स्रोत बिंदू म्हणजे दाराचा कोपरा, त्याचा पहिला गंतव्य बिंदू म्हणजे भिंतीतल्या मोकळ्या जागेचा कोपरा. दुसरा स्रोत दाराचं दुसरं टोक, दुसरा गंतव्य मोकळ्या जागेचं दुसरं टोक. तिसऱ्या बिंदूला एंटर. मग तो विचारतो की अलाइन बिंदूंनुसार आकार बदलू का. इथे नाही. तुम्ही बहुतेक हो दिलंत, म्हणून मोकळी जागा ९१२ असेल तर ९०० चं दार ९१२ चं झालं.

पहिली जोडी तंतोतंत बसते, दुसरी फक्त दिशा ठरवते. त्यामुळे नाही म्हटल्यावर दुसऱ्या टोकाला जी फट किंवा अधिक उरेल, तो मोकळ्या जागेच्या मापातला फरक आहे. तो भिंतीत दुरुस्त करा, ब्लॉकमध्ये नाही.

त्या भिंतीवर बरंच काम असेल तर अलाइन परत परत करू नका. यूसीएस (एक्स-वाय अक्षांची दिशा बदलणारी आज्ञा), ओबी (वस्तूनुसार), आणि भिंतीची रेघ निवडा. एक्सची दिशा भिंतीबरोबर येते आणि ऑर्थो, पोलर, ट्रॅकिंग सगळं त्या कोनात चालतं. मान वाकडी करून बघायचं नसेल तर पुढे प्लॅन द्या, दृश्य सरळ होतं. काम झाल्यावर यूसीएस, डब्ल्यू, म्हणजे अक्ष मूळ दिशेला परत.

रेघोटी:

नाही दिल्यावर दार ९०० राहिलं, बाजूला १२ ची फट आहे. भिंतीचं माप तपासतो. खोल्यांची नावं एका ओळीत आणायची आहेत, त्यालाही अलाइनच का?

ओळंबा:

नाही, त्यासाठी टेक्स्टअलाइन आहे, २०१५च्या आवृत्तीपासून. नावं निवडा, ज्याच्या ओळीत आणायचं ते दाखवा, मग दिशेचा दुसरा बिंदू द्या. सारखं अंतर हवं असेल तर पर्यायांत डिस्ट्रिब्यूट. त्याआधी सगळ्या मजकुराचा जोड एकच आहे ना ते पहा. काही डावीकडून, काही मधून धरलेले असतील तर ओळ बरोबर होऊनही डोळ्याला वाकडी दिसते. जस्टिफायटेक्स्टने जोड बदला, त्यात मजकूर जागचा हलत नाही.