मदत हवी आहे: रापा नुईचे एचएलए प्रकार आणि संपर्काचा काळ

एमएस्सीच्या सेमिनारसाठी रापा नुई (ईस्टर बेट) घेतलंय आणि एका जागी अडकलोय. तिथल्या लोकांचे बहुतेक एचएलए प्रकार (एचएलए म्हणजे रोगप्रतिकाराशी संबंधित, माणसागणिक बदलणारी जनुकं) पॉलिनेशियन, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या लोकांचे आहेत, म्हणजे वस्ती पश्चिमेकडून झाली हे सरळ दिसतं. पण १९७१ साली घेतलेल्या रक्तनमुन्यांत ए*०२:१२ आणि बी*३९:०५ (एचएलएच्या ए आणि बी जनुकांचे प्रकार) हे अमेरिकेतल्या मूळनिवासींचे प्रकारही सापडले. ते युरोपीय लोक पोचण्याआधीचे की नंतरचे, इथेच गाडी अडते.

आधी या प्रकारांच्या वारंवारतेवरून लोकसमूहांमधलं जनुकीय अंतर काढून नात्यांची झाडं काढली. पण १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलामखरेदीवाल्यांनी माणसं पळवून नेली, मागे देवीची साथ आली आणि १८७७ पर्यंत बेटावर १११ जणच उरले. एवढ्या मुठभर लोकांतून आलेल्या टक्केवारीवर भरवसा ठेवायचा तरी कसा? त्यात रोगांमुळे एचएलएवर नैसर्गिक निवडीचा दाब असतो, तो वेगळाच. म्हणून आता हॅप्लोटाइप (एकाच गुणसूत्रावरून एकत्र वारशाने येणारा जनुकप्रकारांचा संच) बघतोय: अमेरिकन तुकडा पॉलिनेशियन तुकड्याशी पुनर्संयोगाने (गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होऊन) जोडला गेला असेल तर मिसळण जुनी, असा तर्क. तोही मला जरा लंगडाच वाटतो, कारण ए आणि बी जनुकांमधला पुनर्संयोग एका पिढीतही होऊ शकतो.

पूर्ण जीनोमचे अभ्यास वाचलेत, त्यामुळे ते सुचवू नका. माझ्याकडे फक्त छापील तक्ते आहेत, कच्चा डेटा नाही, आणि मांडणी एचएलएवरच करायची आहे. अशा एक-दोन पुनर्संयोगी हॅप्लोटाइपांवरून अमेरिकेशी झालेल्या संपर्काच्या काळाची किमान मर्यादा (तो निदान किती जुना) काढता येते का, आणि येत असेल तर नेमकी कोणत्या पद्धतीने?