पाळकांचा पगार मंडळीच्या मुठीतून कसा सोडवायचा?

नदीकाठ: आमच्या मंडळीची (म्हणजे स्थानिक चर्चची) घटना नव्याने लिहितोय. सध्या पाळकसाहेबांचा (पास्टरांचा) पगार दानार्पणातून जातो आणि पंचकमिटी, म्हणजे मंडळीची कारभारी समिती, तो दरवर्षी मंजूर करते. म्हणजे ज्यांना चार खडे बोल सुनवायचे, त्यांच्याच हातात पगार. इतरत्र यावर काय तोड काढली आहे? ती कुठे अडते?

जुनी_वही: स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा निधी अभ्यासा. 1843 मध्ये साडेचारशेहून जास्त पाळक प्रस्थापित चर्चमधून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. घर, पगार सगळं गेलं. थॉमस चामर्स यांनी आखलेली योजना अशी: प्रत्येक मंडळीने वर्गणी मध्यवर्ती निधीत भरायची आणि तिथून प्रत्येक पाळकाला सारखा वाटा द्यायचा. गरिबांनी आठवड्याला एक पेनी दिली तरी चालेल, पण नियमित. श्रीमंत मंडळीला आपल्या पाळकाला वर भर घालायची मुभा होती. (इथेच थोडं पाणी मुरतं. भर मोठी झाली की पाळक पुन्हा मिंधा.)

दुसरी अडचण लगेच दिसली. वाटा ठरलेलाच मिळणार म्हटल्यावर काही मंडळ्यांनी हात आखडला. म्हणून 1844 मध्ये नव्या मंडळ्यांपुरता नियम आला: तुम्ही पाठवाल त्याच्या दीडपटच पाळकाला मिळेल. मग आळशी मंडळीची शिक्षा पाळकाला!

तळटीप: इंग्लंडात जमीनच व्हिकारच्या (गावच्या पाळकाच्या) पदाला जोडलेली असे. तो निर्धास्त, पण एका गावचा गब्बर तर शेजारचा उपाशी. 1978 मध्ये त्या जमिनी डायोसिसकडे (बिशपच्या अखत्यारीतल्या प्रांताकडे) गेल्या. आता पॅरिश (स्थानिक मंडळी) डायोसिसला हिस्सा देते आणि मानधन वरून येतं. हिस्सा कायद्याने सक्तीचा नाही, त्यामुळे नाराज पॅरिश तो अडवते. मात्र त्या महिन्याचं मानधन थांबत नाही.

जर्मनीत चर्चकर सरकारच गोळा करतं: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 8 टक्के, बाकी राज्यांत 9. हे टक्के उत्पन्नाचे नव्हेत, आयकराच्या रकमेचे. आपल्याकडे गैरलागू.

वसईवाला: कॅथलिकांत मिसाच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) दानाची रक्कम प्रांतातले बिशप ठरवतात. फादरांनी दिवसात अनेक मिसा केल्या तरी एकाच मिसाचं दान स्वतःकडे ठेवायचं, अपवाद नाताळचा. उरलेलं बिशप सांगतील त्या कामाला. मात्र कुणी स्वतःहून जास्त दिलं तर फादर ते घेऊ शकतात, त्यामुळे श्रीमंताच्या पाकिटाला पुरता चाप बसत नाही.

नदीकाठ: मग घटनेत नेमकं काय लिहू?

जुनी_वही: पगाराची श्रेणी सिनडने (सगळ्या मंडळ्यांच्या वरच्या सभेने) ठरवावी, पंचकमिटीने नव्हे. मंडळीचा हिस्सा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी जमेवर काढा. एका वर्षाच्या जमेवर काढलात तर कापणीसणाचं दान पुढच्या वर्षी ढकलतील. मध्यवर्ती खात्यात किमान तीन महिन्यांच्या पगाराची गंगाजळी हवी, नाहीतर एका मोठ्या मंडळीने हिस्सा अडवला की सगळ्यांचेच पगार लटकतात. घर, भविष्यनिर्वाह निधी आणि औषधपाणी हेही वरूनच द्या. पगार सुरक्षित आणि घराच्या किल्ल्या पंचकमिटीकडे, असली अर्धवट सोय करू नका. लग्न-बाप्तिस्म्याची पाकिटं पावतीने मंडळीच्या खात्यात जमा करा.