मदत हवी आहे: बनावट नाण्यांची लिस्टिंग रिपोर्ट केली, तर उत्तर 'नियमभंग आढळला नाही'

धागाकर्ता

मंडळी, जुनी नाणी जमवणाऱ्यांनी आणि ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या भानगडी निस्तरलेल्यांनी जरा इकडे लक्ष द्या.

एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर (नाव मुद्दाम देत नाही) एक विक्रेता अमेरिकेचे मॉर्गन डॉलर विकतोय. त्यात १८९३ सालचा, सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीचं 'एस' हे अक्षर असलेला डॉलरही आहे. या मालिकेशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ आणि नंतर १९२१मध्ये कोट्यवधींनी पाडले गेले, पण १८९३-एस फक्त एक लाख. चलनासाठी पाडलेल्या मॉर्गनमध्ये इतका कमी आकडा दुसरा नाही. असं एखादं नाणं लिलावात आलं तरी संग्राहकांमध्ये कुजबुज सुरू होते. या महाशयांकडे मात्र 'उपलब्ध: १०पेक्षा जास्त'!

किंमत जेमतेम त्यातल्या चांदीइतकी. वर्णनात 'आजोबांच्या पेटीत सापडली, मला नाण्यांतलं काही कळत नाही, जशी आहेत तशी, परत घेणार नाही'. नाण्यांतलं काही कळत नाही म्हणणाऱ्याला दुर्मीळ सालं मात्र एकजात बरोबर सापडलीत. त्याच्या पानावर मॉर्गनच्या शेजारी ट्रेड डॉलरही (आशियाशी व्यापारासाठी पाडलेले अमेरिकेचे चांदीचे डॉलर) आहेत. ट्रेड डॉलर १८७३च्या आधी अस्तित्वातच नव्हता, आणि याच्याकडे एक त्याच्याही आधीच्या सालाचा आहे. विक्रेत्याचे चांगले अभिप्राय भरपूर, पण उघडून पाहिले तर सगळे फोनच्या कव्हरांचे आणि चार्जिंगच्या वायरींचे.

मी 'रिपोर्ट' बटण दाबलं, कारण निवडलं, खाली सविस्तर लिहिलं: नाण्यावरच्या लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवीच्या) कानावरचे केस पुसट आहेत, गरुडाच्या छातीवरची पिसं सपाट आहेत, अक्षरांची जाडी चुकीची आहे. दोन दिवसांत ठरावीक साच्यातलं उत्तर आलं की तपासणी केली, नियमभंग आढळला नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

तर प्रश्न असे. नुसत्या फोटोवरून बनावट नाणं खात्रीनं ओळखायला आणखी काय बघावं? रिपोर्ट कसा लिहिला तर कुणी मनावर घेईल? आणि ज्यांनी आधीच घेतलंय त्यांना मेसेज करून सावध करावं का? आमच्या गटातला एक नवखा मुलगा तिथूनच घ्यायच्या बेतात होता, त्याला थांबवलंय. पण सगळ्यांनाच कोण थांबवणार?

दातेरी_कड

फोटोवरून 'खरं' असं कधीच म्हणता येत नाही. 'खोटं' असं मात्र बऱ्याचदा म्हणता येतं. तुमचं काम दुसऱ्या प्रकारचं आहे, त्यामुळे सोपं आहे.

१८९३-एसच्या बाबतीत तर नशीबच समजा. चलनातले सगळे खरे १८९३-एस पुढच्या बाजूच्या एकाच डायने (नाणं पाडायच्या ठशाने) पाडलेत. त्यामुळे प्रत्येक खऱ्या नाण्यावर सालाचे आकडे अगदी त्याच जागी बसतात, आणि LIBERTY मधल्या T च्या माथ्यावर एक बारीक उंचावलेली रेघ असते. नाणं फार झिजलेलं नसेल तर चांगल्या फोटोत ती दिसते. माफ करा, ही रोमन अक्षरं नाण्यावर तशीच आहेत म्हणून तशीच लिहिली; देवनागरीत 'लिबर्टी'मधला 'टी' म्हणा. जुनी लबाडी म्हणजे साध्या १८९३ डॉलरवर 'एस' चिकटवायचा. त्यात नाणं खरं, चांदी खरी, वजन खरं, फक्त ते एक अक्षर खोटं. अशा वेळी सालाची जागा हाच पुरावा.

हल्लीच्या बनावट मालाची गोष्ट वेगळी आहे. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रं असतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात, कडेवर कधीकधी सांधा दिसतो. डाय बनवून पाडलेली बनावट नाणी ओळखायला जास्त अवघड, पण त्यांचाही एक घोळ असतो. ज्या खऱ्या नाण्यावरून डाय उतरवला त्याच्यावरचे ओरखडे आणि खड्डे प्रत्येक नगावर जसेच्या तसे उतरतात. गालावर एक टोचा बसणं हा योगायोग. पाच नाण्यांच्या गालावर त्याच जागी, त्याच आकाराचा टोचा असेल तर तो डायचा टोचा. आणि तोच टोचा दोन वेगवेगळ्या सालांच्या नाण्यांवर दिसला तर विषयच संपला. त्या विक्रेत्याचे सगळे फोटो डाउनलोड करून शेजारी शेजारी लावा, एका संध्याकाळचं काम आहे.

नाणं हातात असेल तर वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिमी. लोहचुंबकावर फार विसंबू नका. चिकटलं तर खोटं, हे ठीक. नाही चिकटलं म्हणून खरं, असं नाही. तांबं, पितळ, शिसं यांनाही चुंबक ओढत नाही. त्यापेक्षा वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात टांगा, तळाला टेकू देऊ नका. ९० टक्के चांदीचं मॉर्गन असेल तर काटा सुमारे २.६ ग्रॅम दाखवेल. पितळी असेल तर ३च्या वर जाईल.

पडद्यामागचा

मी काही काळ अशाच एका कंपनीत लिस्टिंग तपासायच्या टीममध्ये होतो. कंपनी सांगणार नाही, पण आतली रीत सांगतो, म्हणजे तुमचे रिपोर्ट का परतले ते कळेल.

तुमचा रिपोर्ट वाचणाऱ्याने आयुष्यात मॉर्गन डॉलर पाहिलेला नसतो. त्याच्यापुढे रांगेत बूट, अत्तरं, मोबाईल आणि मधेच तुमचं नाणं. 'कानावरचे केस पुसट' हे वाचून तो काय करणार? त्याला ते तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही त्यावर तो 'नियमभंग नाही' असा शिक्का मारून पुढे जातो. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असेल, पण ते त्याच्या कामाचं नाही.

त्याला असं काही द्या की नाण्यांतलं ओ की ठो न कळता दोन मिनिटांत पडताळता येईल. तुमच्याकडे तसं आहेच. पहिलं, अशक्य साल: 'हा प्रकार १८७३मध्ये सुरू झाला, यावर त्याआधीचं साल आहे.' कुठल्याही ज्ञानकोशात बघून खात्री होते. दुसरं, तोच फोटो. उलट प्रतिमाशोध करा. तोच फोटो दुसऱ्या विक्रेत्याकडे किंवा जुन्या लिलावाच्या पानावर असेल तर दुवा द्या. तिसरं, स्लॅब. नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीत दाखवलं असेल तर लेबलवरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. क्रमांक भलत्याच नाण्याचा निघतो, नाहीतर निघतच नाही. क्रमांक जुळला तरी थांबू नका, कारण बनावट डबीवर खरा क्रमांक छापणारेही आहेत. तिथे खऱ्या नाण्याचा फोटो असेल तर डाग आणि ओरखडे जुळतात का ते बघा. आणि चौथं, विक्रेत्याचेच शब्द. वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'प्रतिकृती', 'स्मरणार्थ', 'चांदीचा मुलामा' असं लिहिलेलं असतं आणि मथळ्यात 'अस्सल चांदी'. ही विसंगती कुणालाही दिसते. 'जर्मन सिल्व्हर' दिसलं तर तेही उचला: ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण, त्यात चांदी नावालाही नसते.

रिपोर्ट तीन-चार ओळींचा ठेवा. कारणांच्या यादीत 'बनावट वस्तू' हेच निवडा. 'इतर' निवडलेला रिपोर्ट कुठल्या रांगेत जातो हे मलाही कधी नीट उमगलं नाही. दहा लिस्टिंगचा एक निबंध पाठवण्यापेक्षा प्रत्येक लिस्टिंगला वेगळा रिपोर्ट करा. एका विक्रेत्याच्या नावावर वेगवेगळ्या लोकांचे रिपोर्ट जमले की ते खातं आपोआप वरच्या माणसाकडे जातं, निदान आमच्याकडे जायचं. म्हणून गटातल्या चार जणांनी आपापल्या शब्दांत करा. एकच मजकूर चिकटवला तर मोहीम समजून बाजूला टाकतात.

थेलरप्रेमी

एक उलट बाजू. उत्साहाच्या भरात दिसेल ते रिपोर्ट करू नका.

ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा थेलर (चांदीचं मोठं नाणं) घ्या. त्यावर साल १७८० असतं, पण ती राणी गेल्यावरही तेच साल ठेवून वेगवेगळ्या टाकसाळींनी तो विसाव्या शतकापर्यंत पाडला. नवाकोरा दिसणारा १७८०चा थेलर म्हणजे फसवणूक, असं नाही. विक्रेत्याने 'नंतरची पाडणी' असं लिहिलं असेल तर तो सरळ व्यवहार आहे. '१७८०मध्ये पाडलेला अस्सल' म्हणत असेल तर मग बोला. तसंच मॉर्गनचं: २०२१मध्ये अमेरिकी टाकसाळीने संग्राहकांसाठी त्याच चित्राची नाणी पुन्हा काढली, तेव्हा १९२१नंतरचं साल दिसलं की लगेच बोंब मारू नका.

प्रतिकृती विकणं हाही सगळीकडे गुन्हा नसतो. अमेरिकेत १९७३च्या कायद्याने नकली नाण्यावर 'कॉपी' असं कोरणं बंधनकारक केलं, काही बाजारपेठा त्याही पुढे जाऊन प्रतिकृतींना जागाच देत नाहीत. आधी त्या साइटचं नाण्यांविषयीचं पान वाचा आणि रिपोर्टमध्ये त्यातलाच नियम दाखवा.

धागाकर्ता

पडद्यामागचा, तुमच्या प्रतिसादाने डोकं ताळ्यावर आलं. मी परीक्षेचा पेपर लिहावा तसा लिहीत होतो.

दातेरी_कड, फोटो शेजारी लावले. १८९३-एस आणि दुसऱ्या एका सालाचा डॉलर, दोन्हींवर हनुवटीखाली अगदी तोच चंद्रकोरीसारखा ओरखडा आहे! दोन्ही फोटोंवर बाण काढून जोडतोय. ट्रेड डॉलरचा रिपोर्ट वेगळा करतो, तो सगळ्यात सोपा दिसतोय. आधी घेतलेल्यांना मेसेज करण्याबद्दल कुणी बोललं नाही.

पडद्यामागचा

खरेदीदारांना साइटवरून मेसेज करू नका. बऱ्याच ठिकाणी तो व्यवहारात ढवळाढवळ म्हणून नियमभंग धरतात आणि तुमचंच खातं बंद होतं. विक्रेत्याशीही वाद घालू नका, 'हे खोटं आहे' म्हटलं की तो फोटो बदलतो आणि तुमचा पुरावा जातो. आधी पानाचे स्क्रीनशॉट घ्या, लिस्टिंगचा क्रमांक आणि तारीख दिसेल असे, मग रिपोर्ट.

तागडी

ज्यांनी घेतलंय ते इथे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. पैसे साइटच्या बाहेर, 'मित्राला पाठवले' अशा प्रकाराने दिले असतील तर खरेदीदार-संरक्षण बहुतेक मिळत नाही. तरीही बँकेला कळवा. साइटवरून दिले असतील तर आधी मुदत बघा, ती पार्सल मिळालेल्या दिवसापासून धावत असते. तक्रार 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' यापेक्षा 'बनावट' या सदरात करा, कारण पहिल्यात नाणं परत पाठवायला सांगतात आणि तेच नाणं पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. वजनकाट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो, आकडा दिसेल असा, जोडा. त्यावर विक्रेत्याला 'प्रकाशामुळे तसं दिसतं' म्हणता येत नाही.

आणि नुकसान भरून काढायला ते नाणं स्वतः पुढे विकू नका. माहीत असून विकलं तर आता फसवणारे तुम्ही.

दातेरी_कड

धागाकर्ता, चंद्रकोर असलेले ते दोन्ही फोटो इथेही टाका. त्या डायचा माल आणखी कुणाच्या पानावर दिसतोय का ते आम्हीही शोधतो. विक्रेत्याचं नाव मात्र नको, फक्त नाणी.