व्हॅनचा व्हॅक्युम पंप बदलायला इंजिन उतरवावंच लागतं का?

सोलापुरी_स्टेअरिंग:
डिझेल व्हॅन आहे, तुळजापूर-अक्कलकोटची भाडी मारतो. ब्रेक एकदम कडक लागायलंय, गाडी थांबते पण पाय पार ताणावा लागतोय, आन् इंजिनच्या मागच्या अंगाला ऑइल पण गळायलंय. मिस्त्री म्हणतोय पंप गेला, पण तो हेडच्या मागं फायरवॉलला (इंजिन आन् केबिनमधली पत्र्याची भिंत) चिकटून बसलाय, हातच जाईना, मग इंजिन खाली घेऊ म्हणतोय. नवरात्र तोंडावर आलंय ओ. वरनं काढलाय का कुणी?

जुना_फिटर:
आधी पंपच गेलाय हे नक्की करा. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल कडक झालं की तसंच दाबून धरून स्टार्टर मारा, पाय थोडा खाली गेला पाहिजे. नाही गेला तर पंप, नळी, नळीतला एकतर्फी व्हॉल्व्ह नाहीतर बूस्टर (पंपाच्या व्हॅक्युमवर ब्रेकला जोर देणारा डबा), कुणीही असू शकतंय. पंपाला थेट व्हॅक्युम मोजायचं गेज लावून बघा. आन् सोलापूर साडेचारशे मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, त्यामुळं मुंबईत २७ इंच (पाऱ्याचा) व्हॅक्युम दाखवणारा पंप इथं दीडेक इंच कमीच दाखवणार, तेवढ्यावरनं त्याला बाद करू नका.

बाळेकर:
माझ्या पेट्रोल ओमनीला असलं काय लफडंच नाही 😀

जुना_फिटर:
पेट्रोलला थ्रॉटलमुळं मॅनिफोल्डातच व्हॅक्युम मिळतो हो, डिझेलला तसा मिळत नाही म्हणून तर पंप.

होटगी_रोडवाला:
इंजिन बिंजिन काय उतरवू नका. वायपर काढा, खालची काउल (काचेखालचं झाकण) काढा, एअर फिल्टरचा पाइप बाजूला करा, वरनं हात जातोय. खालचा बोल्ट दिसत नाही, त्याला लांब एक्स्टेंशन, युनिव्हर्सल जॉइंट आन् छोटा आरसा लागंल, गोटीत (सॉकेटात) जरा ग्रीस भरा म्हणजे बोल्ट खाली पडत नाही, पडला की गेली दुपार. जुना पंप निघाला की कॅमवरची (पंप फिरवणाऱ्या दांड्यावरची) खाच कुठं आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढा आन् नव्या पंपाची जीभ त्याच कोनात फिरवून ठेवा. पंप हातानंच बसला पाहिजे, बोल्टानं ओढून बसवायला गेलात तर कान तुटतोय. ओ-रिंग नवी टाका, आत थोडं इंजिन ऑइल सोडा, कोरडा फिरला तर पाती घासतात.

जुना_फिटर:
बूस्टरची नळी पण काढून बघा, आत ऑइल असलं तर बूस्टरचं रबर फुगतंय, मग नवा पंप टाकून पण ब्रेक कडकच. आन् तोवर घाटात गाडी घालू नका राव.

सोलापुरी_स्टेअरिंग:
नळी काढली, आतनं कोरडी आहे. गेज सात रस्त्याच्या एका ओळखीच्या गॅरेजातनं आणतो. तुळजापूरचं भाडं दुसऱ्याला दिलं. काउलच्या क्लिपा मोडत्यात का ओ काढताना, का आधीच नव्या आणून ठेवू?